व्यायामाचें वस्त्र : कासोटा, चुडीदार आणि लेगिंग

मराठी भाषेंत कोणत्याहि मोठ्या उद्योगाचा आरंभ वस्त्रापासून होतो. पुरुष कामास लागला म्हणजे तो कंबर कसतो व अस्तन्या सरसावतो. स्त्री पदर खोचते. पहिलवान लंगोट कसून आखाड्यांत उतरतो. आणि ऐन वेळीं ज्याचें धैर्य गळतें, त्याचें धोतर सुटलें असें लोक हंसून म्हणतात. हे वाक्प्रचार केवळ भाषेचे अलंकार नव्हेत. शरीराला कष्टविणाऱ्या प्रत्येक कामाचें पहिलें साधन म्हणजे अंगावर नीट बसलेलें वस्त्र होय, हा अनेक पिढ्यांचा अनुभव त्यांत साठविलेला आहे.

मुंबईच्या उत्तरेस, पश्चिम रेल्वेवरील मीरारोड स्थानकाच्या पूर्वेच्या अंगास हाटकेश नांवाची वस्ती आहे. ज्या मीरा-भाईंदर शहराचा ती भाग आहे, तेथें एके काळीं मिठागरें, भातशेती आणि खाडीकांठचीं कोळ्या-आगऱ्यांचीं गांवें होतीं. १९८५ मध्यें येथें नगरपरिषद झाली आणि २००२ मध्यें महानगरपालिका. भराभर उंच इमारती उठल्या, आणि जेथें माणसाचें अंग दिवसभर चिखलांत व उन्हांत आपोआप राबत असे, तेथें आतां व्यायामासाठीं मुद्दाम वेळ काढावा लागतो. पहाटे फिरावयास, व्यायामशाळेंत किंवा योगासनांच्या वर्गास निघालेल्या स्त्रियांपैकीं पुष्कळींच्या पायांत आज लेगिंग दिसते. लेगिंग म्हणजे कमरेपासून घोट्यापर्यंत पायाशीं सर्वत्र लागून राहणारी, नाडी वा बटणें नसलेली, विणीच्या कापडाची विजार. ती नवी वस्तु आहे, असें तरुणांस वाटतें; ती परकी आहे, असें वडीलधाऱ्यांस वाटतें. इतिहास पाहूं गेलें तर दोन्ही समजुती अर्ध्याच खऱ्या ठरतात. कापड नवें आहे; परंतु ज्या प्रश्नाचें तें उत्तर आहे, तो प्रश्न या भूमींत फार जुना आहे.

तो प्रश्न थोडक्यांत असा. माणसाचा पाय उभा असतांना एका मापाचा असतो व बैठक मारतांना दुसऱ्या मापाचा. गुडघा वांकला म्हणजे पुढची कातडी ताणली जाते. कंबर वांकली म्हणजे मागची लांबी वाढते. मांडीचे स्नायु आंखडले म्हणजे घेर बदलतो. कापड मात्र, जसें विणलें तसेंच राहूं पाहतें. मग वस्त्र सैल ठेवावें तर तें पायांत अडकतें आणि घट्ट करावें तर तें अंगाला अडवितें. हा पेंच सोडविण्याचे तीन उपाय मनुष्यानें शोधले: पहिला गांठीचा, दुसरा बेतण्याचा आणि तिसरा विणीचा. महाराष्ट्राच्या इतिहासांत हे तिन्ही उपाय पाहावयास मिळतात.

गांठीचा उपाय सर्वांत जुना. शिवलेल्या वस्त्राच्या आधीं नेसलेलें वस्त्र होतें, आणि नेसलेल्या वस्त्राचा मोठा गुण हा कीं तें ज्याचें त्याच्या अंगावर, ज्या त्या दिवशीं नव्यानें बेतलें जातें. लंगोट हें त्याचें अगदीं आटोपशीर रूप. कापडाचा पट्टा कमरेस बांधावयाचा, पायांमधून मागें न्यावयाचा आणि घट्ट ओढून खोचावयाचा, एवढीच त्याची रचना. परंतु मांड्या सर्वस्वीं मोकळ्या राहतात, आणि जेथें आधार हवा तेथें तो पुरा मिळतो. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर यानें बाराव्या शतकांत रचलेल्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथांत मल्लविनोदाचें स्वतंत्र प्रकरण आहे. मल्लांचे प्रकार, त्यांचा आहार व त्यांची मेहनत यांचें वर्णन त्यांत येतें, आणि खांबावरच्या मेहनतीचाहि उल्लेख येतो. मल्लखांबाचा सर्वांत जुना उल्लेख म्हणून अभ्यासक तिकडेच बोट दाखवितात.

पुढें दुसऱ्या बाजीरावाच्या काळीं बाळंभटदादा देवधर यांनीं मल्लखांबाच्या विद्येस पुन्हां जीव दिला, हें महाराष्ट्रांत सर्वश्रुत आहे. या विद्येंत वस्त्राचें शास्त्र स्पष्ट दिसून येतें. लांकडी खांबाला एरंडेल तेल लावलेलें असतें. त्यावरची पकड मुख्यतः मांड्यांची व पोटऱ्यांची. कातडी आणि लांकूड यांच्या मध्यें कापड आलें तर पकड सुटून माणूस खालीं येईल. म्हणून येथें वस्त्र जितकें कमी तितकें बरें, आणि जें आहे तें मात्र इतकें पक्कें हवें कीं उलट्या उडींतहि तसूभर सरकूं नये. मल्लखांबावरचा लंगोट वा तोकडा जांघ्या हा गरिबीचा पोषाख नव्हे. तो त्या कसरतीनें स्वतःसाठीं निवडलेला पोषाख होय. व्यायामाचें वस्त्र व्यायाम ठरवितो, हा पहिला धडा येथें मिळतो.

स्त्रियांच्या बाबतींत गांठीचा उपाय म्हणजे कासोटा. नऊवारी लुगडें म्हणजे सुमारें सव्वाआठ मीटर कापड. इतकें कापड अंगावर घेऊन चपळाई कशी साधणार, असें न पाहिलेल्यास वाटावें. परंतु निऱ्यांचा भाग पायांमधून मागें नेऊन कमरेस खोचला कीं त्याच लुगड्याची दोन पायांना वेगवेगळी वेढणारी, न शिवलेली विजार होते. भाताची लावणी करणारी, माशांची पाटी डोक्यावर घेऊन खाडीच्या चिखलांतून चालणारी, झाडावर चढणारी कोंकणांतील स्त्री लुगडें गुडघ्यापर्यंत चोपून नेसत असे. कोळणींच्या नेसण्यांत ती रीत आजहि पाहावयास मिळते. हाटकेशच्या आसपासच्या मिठागरांतून व खाचरांतून ज्या स्त्रियांनीं आयुष्य काढलें, त्यांना ‘अंगाशीं बसलेलें आणि चालण्यास मोकळें’ असें वस्त्र बाहेरून शिकावें लागलें नव्हतें.

कासोट्याच्या पलीकडे जाऊन शिवलेली विजार घालणारी मराठी स्त्रीहि इतिहासास ठाऊक आहे. कुलाबा जिल्ह्यांतील, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यांतील, वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ च्या धामधुमीच्या दिवसांत झांशीस राहिले होते. त्यांचें प्रवासवर्णन ‘माझा प्रवास’ या नांवानें १९०७ मध्यें प्रसिद्ध झालें. राणी लक्ष्मीबाईंचा सकाळचा व्यायाम, घोड्यावरची रपेट, आणि दरबारीं येतांना त्या पुष्कळदां करीत असलेला पायजम्याचा पुरुषी वेष यांचें वर्णन त्यांत आहे. गोडसेभटजी हे जुन्या वळणाचे भिक्षुक. तरीहि त्या पोषाखाबद्दल त्यांच्या लेखणींत नाराजी दिसत नाहीं. जिला घोड्यावर बसावयाचें आहे तिनें घोड्याला साजेसें वस्त्र घालावें, यांत त्यांना आश्चर्य वाटलें असावें, पण अनौचित्य वाटलें नाहीं.

घोड्याचा उल्लेख आला म्हणजे दुसऱ्या उपायाकडे, म्हणजे शिंप्याच्या बेतण्याकडे, वळावें लागतें. आणि त्यासाठीं मीरा-भाईंदरच्या बाहेरहि जावें लागत नाहीं. याच महानगरपालिकेच्या हद्दींत वसईच्या खाडीवर घोडबंदर आहे. घोड्यांच्या व्यापारावरून त्या बंदरास हें नांव पडलें, असें मानलें जातें. तेथील पोर्तुगीजांचा किल्ला मराठ्यांनीं १७३७ मध्यें, वसईच्या मोहिमेच्या आरंभीं, घेतला. ज्या फौजांनीं ही मोहीम केली त्यांच्यांतील घोडेस्वाराचा प्रश्न मल्लाच्या प्रश्नाच्या उलट होता. मल्लाला कातडी उघडी हवी. स्वाराला मांडी व पोटरी झांकलेली हवी, नाहींतर खोगिराच्या घर्षणानें कातडी सोलून निघेल. शिवाय कापडाची चुणी मांडीखालीं येतां कामा नये, कारण दहा कोसांच्या दौडींत एक चुणी सुरीसारखें काम करते. म्हणून स्वाराची विजार जेथें घांसते तेथें अंगाशीं लागलेली आणि जेथें वांकावयाचें तेथें सैल असावी लागते.

हें साधण्याची हिंदुस्थानांतील शिंप्यांची युक्ति मोठी मार्मिक आहे. साध्या कापडांत ताणा व बाणा हे धागे एकमेकांस काटकोनांत असतात. कापड उभें किंवा आडवें ओढलें तर तें ताणलें जात नाहीं. परंतु तिरपें ओढलें तर धाग्यांचे चौकोन कलंडून कापड लांबतें आणि सोडलें कीं बरेंचसें पूर्ववत् होतें. याच गुणाचा उपयोग करून चुडीदार विजार उरेब, म्हणजे कापडाच्या तिरप्या रेषेवर, बेततात. तिची लांबी पायापेक्षां मुद्दाम जास्त ठेवतात. ती जास्तीची लांबी घोट्याशीं बांगड्यांसारख्या चुण्यांनीं गोळा होऊन राहते आणि गुडघा वांकला म्हणजे वर पुरविली जाते. पाहणाऱ्यास ज्या चुण्या शोभेच्या वाटतात, त्या वस्तुतः गुडघ्यासाठीं राखून ठेवलेल्या कापडाच्या शिलकेसारख्या आहेत. त्याचप्रमाणें आसनाशीं, म्हणजे दोन्ही पाय जेथें मिळतात तेथें, वेगळा चौकोनी तुकडा बसविला कीं चारी शिवणी एकाच बिंदूंत येत नाहींत. मांडी फांकतांना शिवण उसवत नाहीं व टोंचतहि नाहीं.

ही युक्ति पुढें साऱ्या जगानें उचलली. जोधपूरचे सर प्रतापसिंग हे १८९७ मध्यें व्हिक्टोरिया राणीच्या हीरक महोत्सवासाठीं इंग्लंडास गेले. त्यांच्या घोडेस्वारीच्या विजारी नितंबांशीं खूप सैल व गुडघ्यापासून घोट्यापर्यंत पायाशीं अगदीं बसलेल्या अशा होत्या. त्या तऱ्हेची विजार इंग्लंडांतील स्वारांनीं स्वीकारली, आणि तिला आजहि इंग्रजींत त्या शहराचेंच नांव आहे. वरचा तो प्रचंड घेर ही हौस नव्हती. न ताणल्या जाणाऱ्या कापडांत बसण्यास जागा करून देण्याचा दुसरा मार्गच नव्हता. याचा पुरावा असा कीं ताणलें जाणारें कापड निघतांच घोडेस्वारीच्या विजारींतून तो घेर नाहींसा झाला.

तिसरा उपाय विणीचा. मागावरच्या कापडांत धागे सरळ असतात. सुयांवरच्या विणींत एकच धागा फांसा घेत घेत पुढें जातो, आणि प्रत्येक फांसा स्प्रिंगेप्रमाणें उघडतो व मिटतो. इंग्लंडांत विल्यम ली यानें १५८९ मध्यें पायमोजे विणण्याचें यंत्र केलें, तेव्हांपासून विणीच्या कापडाचा धंदा वाढत गेला. विणीचा अंगाशीं बसलेला पोषाख व्यायामाच्या क्षेत्रांत प्रसिद्धीस आणला तो सर्कशींतील लोकांनीं. १८५९ मध्यें पॅरिस येथें ज्यूल लिओटार्ड या फ्रेंच कसरतपटूनें झुल्यावरून झुल्यावर झेंप घेण्याचा प्रयोग प्रथम केला. त्याचा तो घट्ट एकसंध पोषाख पुढें ‘लिओटार्ड’ याच नांवानें ओळखला जाऊं लागला. झुला पकडतांना अस्तनी किंवा घोळ मध्यें आला तर प्राणाशीं गांठ. म्हणून तेथें घट्ट वस्त्र ही निर्लज्जता नव्हती, ती सुरक्षितता होती.

महाराष्ट्रांत ही विद्या येण्यास फार काळ लागला नाहीं. विष्णुपंत छत्रे यांनीं १८८० मध्यें आपली सर्कस उभी केली. हिंदी माणसानें काढलेली ती पहिली सर्कस म्हणून गणली जाते. त्यांच्या पत्नीहि झुल्यावरचीं कामें करीत, असें सांगतात. मागाहून देवल, कार्लेकर इत्यादि सांगली-मिरजेकडील मंडळींच्या सर्कशी गांवोगांव हिंडल्या. तंबूंत बसून ज्यांनीं झुल्यावरच्या मुलींना टाळ्या दिल्या, तेच गृहस्थ घरीं परतल्यावर आपल्या मुलीस धांवण्यास मात्र परवानगी देत नसत. पोषाखाचा प्रश्न येथून केवळ कापडाचा राहत नाहीं.

याच सुमारास एक चमत्कारिक उलटापालट घडून आली. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत शहरांतील शिकलेल्या घरांतून नऊवारी लुगडें मागें पडून पांचवारी गोल पातळ रूढ होत गेलें. पातळ हलकें होतें, सुटसुटीत होतें, नव्या काळाचें चिन्ह होतें. परंतु कासोटा गेला आणि त्याबरोबर पाय फांकून उभें राहण्याची, उडी मारण्याची, घोड्यावर किंवा सायकलीवर निर्धास्त बसण्याची सोयहि गेली. ज्या पिढीनें मुलीला शाळेंत पाठविलें, त्याच पिढीनें नकळत तिचे पाय बांधले, असें म्हणावें लागतें. पाश्चात्य देशांतहि लांब घागऱ्यांनीं हेंच केलें होतें. अमेरिकेंत १८५१ मध्यें अमेलिया ब्लूमर या बाईंनीं सैल विजारीचा पुरस्कार केला, तेव्हां वृत्तपत्रांनीं त्यांची इतकी टिंगल केली कीं त्या विजारीला त्यांचेंच नांव चिकटलें. कांहीं वर्षांनीं त्यांनीं स्वतःच ती सोडून दिली. पुढें सायकल आली, आणि जें युक्तिवादानें झालें नाहीं तें दोन चाकांनीं घडवून आणलें.

महाराष्ट्रांत स्त्रियांच्या व्यायामाचा पुरस्कार करणारे लोक त्या काळांतहि होते. औंध संस्थानचे अधिपति भवानराव पंतप्रतिनिधि यांनीं सूर्यनमस्कारांचा प्रसार मुलगे व मुली या दोघांतहि केला. सांताक्रूझ येथील योग-संस्थेच्या सीतादेवी योगेंद्र यांनीं स्त्रियांच्या योगिक व्यायामावर लिहिलेलें इंग्रजी पुस्तक १९३४ मध्यें निघालें. स्त्रीनें स्त्रियांसाठीं योगावर लिहिलेलें तें पहिलें पुस्तक मानलें जातें. व्यायाम स्त्रीस वर्ज्य नाहीं, हें अशा रीतीनें सांगितलें गेलें. पण तो कोणत्या वस्त्रांत करावा, या प्रश्नाचें समाधान बहुतेक घरांत झालें नव्हतें. दार लावून, पातळ खोचून, कोणी येत नाहीं ना इकडे कान देत केलेला तो व्यायाम होता. लाजेनें अर्धवट सोडलेल्या व्यायामाची नोंद कोणत्याहि इतिहासांत होत नाहीं. परंतु तिचें नुकसान कित्येक पिढ्यांनीं सोसलें आहे.

१९५२ च्या हेलसिंकी येथील ऑलिंपिक सामन्यांत हिंदी संघांत चार स्त्रिया होत्या: धांवण्यांत नीलिमा घोष व मेरी डिसूझा, आणि पोहण्यांत डॉली नझीर व आरती साहा. मेरी डिसूझा या वांद्र्याच्या. त्याच सामन्यांत कऱ्हाडजवळील गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांनीं कुस्तींत कांस्यपदक मिळविलें. लाल मातींत लंगोट कसून वाढलेली ही विद्या गादीवर गेली, आणि गादीवरच्या कुस्तीचा आजचा पोषाख म्हणजे अंगाशीं चिकटलेला एकसंध विणीचा पोषाख होय. मातीनें लंगोट मागितला होता. गादीनें विणीचें वस्त्र मागितलें.

त्या विणीला आजचें रूप मिळालें तें रसायनशास्त्रामुळें. अमेरिकेंतील ड्यूपाँट कंपनींत वॉलेस कॅरोदर्स यांच्या हाताखालीं १९३५ मध्यें नायलॉन तयार झालें, आणि १९४० मध्यें त्याचे पायमोजे बाजारांत आले. त्याच कंपनींत जोसेफ शिव्हर्स यांनीं १९५८ मध्यें असा धागा काढला कीं जो आपल्या लांबीच्या पांच-सहा पट ताणला जाऊन पुन्हां मूळ लांबीवर येतो. ‘लायक्रा’ या व्यापारी नांवानें तो जगभर गेला. सामान्य नांव स्पॅन्डेक्स किंवा इलॅस्टेन. रबराचा धागा घामानें व उन्हानें लवकर कुजत असे. हा टिकाऊ व अधिक बारीक निघाला. हा धागा एकटा कधींच वापरीत नाहींत. सूत, नायलॉन किंवा पॉलिएस्टर यांच्या विणींत तो शेंकडा पांचपासून वीसपर्यंत मिसळतात. एवढ्या मिश्रणानें चुडीदाराच्या चुण्या, जोधपुरी विजारीचा घेर आणि कासोट्याची गांठ या तिघांचेंहि काम एका पातळ कापडाकडे आलें. १९८० नंतरच्या दशकांत संगीताच्या तालावरील व्यायामाबरोबर लेगिंग पाश्चात्य देशांत घरोघर पोंचली, आणि पुढें कुर्त्याखालीं चुडीदाराची जागा घेत ती हिंदुस्थानांतहि आली.

येथें कोणी असा निष्कर्ष काढील कीं जुनें वस्त्र आतां संपलें. बारामती येथें २०१३ मध्यें त्याचें उत्तर मिळालें. साठी उलटलेल्या लता भगवान करे या मोलमजुरी करणाऱ्या बाई, पतीच्या उपचारासाठीं पैसा हवा म्हणून, तेथील मॅरेथॉनमधील ज्येष्ठांच्या शर्यतींत अनवाणी आणि नऊवारी लुगड्यांत धांवल्या व पहिल्या आल्या. त्यांच्या जीवनावर पुढें चित्रपट निघाला व त्यांनीं स्वतःच त्यांत काम केलें. बुटांचे व कपड्यांचे कारखानदार काय म्हणतील तें म्हणोत. कासोटा घालून माणूस धांवूं शकतो, कारण तो धांवण्यासाठींच होता. मात्र या गोष्टीवरून लुगडें हेंच उत्तम, असेंहि सिद्ध होत नाहीं. साताऱ्याच्या माणदेशांतील ललिता बाबर यांनीं २०१६ मध्यें रिओ ऑलिंपिकांत तीन हजार मीटर अडथळ्यांच्या शर्यतीच्या अंतिम फेरींत धांव घेतली. त्या शर्यतींत प्रत्येक फेरींत पाण्याच्या खड्ड्यावरून उडी घ्यावी लागते. तेथें पाणी पिऊन जड होणारें सुती लुगडें पायांत बेडी ठरलें असतें. दोन्ही स्त्रिया आपापल्या धांवेस योग्य अशाच वस्त्रांत धांवल्या.

वस्त्र कोणी निवडावें, हा वाद मात्र अजून सर्वत्र मिटलेला नाहीं. २०२१ मध्यें युरोपांतील वाळूवरील हँडबॉलच्या स्पर्धेंत नॉर्वेच्या मुलींनीं ठरविलेल्या तोकड्या वस्त्राऐवजीं मांडीपर्यंतची विजार घातली म्हणून त्यांना दंड झाला; जगभर निषेध होऊन त्याच वर्षीं नियम बदलावा लागला. त्याच वर्षीं टोकियोच्या ऑलिंपिकांत जर्मनीच्या कसरतपटु मुली घोट्यापर्यंत पाय झांकणारा पोषाख घालून उतरल्या. एके ठिकाणीं स्त्रीला झांकावयास सांगतात, दुसरीकडे उघडें राहावयास सांगतात. पण सांगणारा पुष्कळदां दुसराच कोणी असतो, आणि धांवावयाचें मात्र तिला असतें.

या साऱ्या इतिहासाचें सार हाटकेशच्या बाजारांत लेगिंग घेण्यास गेलेल्या गृहिणीच्या उपयोगी पडण्याजोगें आहे. दुकानांत उभें राहून आरशांत पाहणें ही परीक्षा नव्हे, कारण उभ्या माणसाला कोणतेंहि वस्त्र बसतें. लंगोटाची परीक्षा खांबावर होते व विजारीची खोगिरावर; त्याचप्रमाणें लेगिंगची परीक्षा हालचालींत करावी. एक पुरी बैठक मारावी, ओणवें होऊन पायाचे अंगठे धरावे, एक गुडघा छातीशीं आणावा आणि जागच्या जागीं दहा-वीस पावलें धांवावें. इतक्यांत कमरपट्टा खालीं सरकला तर माप मोठें किंवा धागा मेलेला; पट्ट्याखालीं पोटावर खोल वळ उठला तर माप लहान. ताणल्यावर कापडांतून कातडी दिसूं लागली तर वीण विरळ आहे, अथवा कापड त्याच्या शक्तीबाहेर ताणलें गेलें आहे. आसनाशीं तो जुना चौकोनी तुकडा बसविला आहे कीं नाहीं आणि आंतल्या शिवणी चपट्या आहेत कीं उंच, हें बोटानें चांचपून पाहावें; घोडेस्वाराच्या चुणीनें जें केलें तेंच उंच शिवण चार मैलांच्या फेरफटक्यांत करते.

कापडाची निवड हवेवर व व्यायामावर अवलंबून ठेवावी. कोंकणपट्टीची हवा दमट. सुती मिश्रण अंगास मऊ लागतें व सावकाश फिरण्यास किंवा आसनांस चांगलें. परंतु तें घाम शोषून ओलेंच राहतें. धांवण्यास किंवा जोराच्या व्यायामास नायलॉन वा पॉलिएस्टरची वीण बरी, कारण ती लवकर वाळते. व्यायाम संपल्यावर मात्र घामट घट्ट वस्त्र तसेंच अंगावर ठेवूं नये. ओल आणि ऊब मिळाली कीं जांघेंत गजकर्णासारखे त्वचेचे विकार बळावतात. फार घट्ट कमरपट्टा दीर्घकाळ वापरल्यानें मांडीच्या बाहेरच्या अंगास मुंग्या किंवा बधिरता येऊं शकते; तसें झाल्यास सडपातळ दिसण्याचा मोह सोडून मोठें माप घ्यावें. धुतांना कढत पाणी व इस्त्री टाळावी आणि वस्त्र सावलींत वाळवावें, कारण उष्णतेनें तो ताणला जाणारा धागा दुबळा होतो, आणि मग तें वस्त्र केवळ नांवाचें लेगिंग राहतें.

आणि ज्या स्त्रीस लेगिंग आवडत नाहीं, तिनेंहि व्यायाम सोडण्याचें कारण नाहीं. तिच्यासाठीं सैल पायजमा आहे, चुडीदार आहे आणि आजीचा कासोटाहि आहे. नियम एकच: व्यायामाचें वस्त्र अंगाला धरून असावें, पण अंगाला धरून ठेवणारें नसावें. तें घातल्यावर थोड्याच वेळांत त्याचा विसर पडला, तर निवड बरोबर झाली असें समजावें. मल्लाला आपल्या लंगोटाची आठवण डाव चालू असतांना येत नाहीं. भाताच्या खाचरांत वांकलेल्या बाईला आपल्या कासोट्याची येत नसे. हाटकेशच्या रस्त्यावर पहाटे झपझप चालणाऱ्या त्यांच्या नातींनाहि आपल्या वस्त्राची, आणि तें पाहणाऱ्या लोकांचीहि, आठवण होऊं नये, एवढेंच त्या वस्त्राचें खरें माप होय.